साडूंचा तवा

माझे थोरले साडू सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि माझ्या पोटदुखीला सुरुवात झाली. तोवर ते वर्षातून एकदा सुट्टीवर येत, सासरच्या माणसांत चार दिवस मिरवत आणि परत जात. चार दिवस मला सोसत होते. आता ते पलूसजवळच्या आपल्या वस्तीवर कायमचे राहायला आले. सासूबाईंना मुलगा नाही, त्यामुळे त्याही थोरल्या लेकीकडेच राहायला गेल्या. म्हणजे माझ्या बायकोचं माहेर आणि साडूंचं घर एकच होऊन बसलं. सणासुदीला जायचं ते तिथंच.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, आणि तेच मला झोंबतं. सुभेदार आले की बायका पदर सावरतात, पुरुष खुर्ची सोडतात. मी आलो की "मास्तर आलं का, बसा" म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. त्यांची उंची माझ्यापेक्षा जास्त आहे. केस अजून काळे आहेत, आणि ते कलप लावत नाहीत याची मी खात्री करून घेतलेली आहे.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यावरूनच आहे. तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणी उसातून वाट काढताना पाल्याचं पातं डोळ्यात गेलं आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. डोळा दिसायला जवळजवळ दुसऱ्यासारखाच आहे, नीट पाहिलं तरच फिकट वाटतो. पण ती कुणाला नीट पाहू देत नसे. फोटोत तिची मान कायम वळलेली. आमच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा ती माझ्याकडे पाहत नाही, मंडपाच्या खांबाकडे पाहते आहे. लग्न ठरवताना डोळ्याचं मला सांगितलं होतं. मी होकार दिला, आणि नंतरच्या एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचा शब्दही काढला नाही. हा माझा चांगुलपणा आहे अशी माझी समजूत होती.

सुभेदारांना रिकामं बसवेना. विहिरीच्या मागं पाटाचा उंच मातीचा भराव आहे. त्याच्या पायथ्याशी त्यांनी नेमबाजीची जागा केली. पिस्तूल हवेचं, आत शिशाचे बारीक छर्रे. सुरुवातीला कागदाची चक्रं लावली, पण नेम लागला की नाही हे बघायला दर वेळी चालत जावं लागे, आणि आक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, त्यात काही राम वाटेना. मग सुभेदारांनी कराडच्या एका वर्कशॉपमधून कडक पोलादाची ताटाएवढी सपाट पाटी कापून आणली आणि साखळ्यांनी टांगली. छर्रा लागला की ती टण्ण वाजायची. त्या आवाजानं सगळं बदललं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं यायला लागली, चहाचं आधण मोठं झालं, आणि रविवारी दुपारनंतर विहिरीमागं लोकांची दाटी व्हायला लागली.

नियम मात्र सुभेदारांचे, आणि ते कडक. पाटी कशाला पक्की ठोकायची नाही, मोकळी टांगायची, आणि वरची कड जरा पुढं झुकलेली ठेवायची, म्हणजे फुटलेलं शिसं खाली वाळूत जातं. पोलादी गोळ्या आणायच्या नाहीत, कारण त्या फुटत नाहीत, गेल्या तशा परत येतात. पाटीला खड्डा पडला की ती भंगारात. चुन्यानं आखलेल्या रेघेच्या पुढं कुणी जायचं नाही, आणि रेघेपाशी येईल त्याच्या डोळ्यांवर गॉगल पाहिजे, मग तो चहाचा ट्रे घेऊन का आलेला असेना. आणि कुणीही, अगदी शेंबड्या पोरानंसुद्धा, 'थांबा' म्हटलं तर पिस्तूल आधी खाली ठेवायचं, का ते मग विचारायचं. हे सगळं ते आवाज न चढवता सांगत आणि माणसं ऐकत. मी सारा जन्म वर्गात घसा फोडून सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही.

मीही एकदा पिस्तूल हातात घेतलं. सगळे छर्रे मातीत गेले. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून मी म्हणालो, तर सासूबाई, ज्यांना एरवी तीनदा हाक मारावी लागते, बाजेवरून स्पष्ट म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत, ते मला हात कसा धरायचा ते दाखवायला लागले. त्याचा मला जास्त राग आला.

बायकोनं पिस्तूल घेतलं ते बहिणीनं हाताला धरून ओढलं म्हणून. रेघेपाशी उभी राहून ती म्हणाली, "दाजी, मला न्हाई जमायचं. या डोळ्यानं दिसत न्हाई, तुमाला ठावं हाय."

मी चपलेकडे बघायला लागलो. असा विषय निघाला की मी कायम चपलेकडे बघतो.

सुभेदार चहाचा घोट घेऊन म्हणाले, "अगं धाकटे, बाकीच्यास्नी एक डोळा झाकायला शिकवावं लागतंय. तू तर घरनंच शिकून आलीस."

असं कुणी बोलतं का? आणि बायको हसली. तोंडाला पदर न लावता, मान न वळवता, सगळा चेहरा समोर ठेवून हसली. मग तिनं हात लांब केला, श्वास सोडला आणि पाटी वाजली. परत वाजली. आक्कांनी टाळ्या पिटल्या.

ते वाक्य मला सुचायला हवं होतं. इतकी वर्षं तो डोळा माझ्या घरात वावरत होता, आणि त्याच्याबद्दल बोलायचं वाक्य सापडलं ते पलूसच्या माणसाला, तेही चहा पिता पिता. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, पित्त झालं.

मग आमच्या घरातलं चित्र पालटलं. सकाळी मी चहाची वाट बघत बसायचो आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाण्यानं भरलेला तांब्या हातात धरून, हात सरळ लांब करून उभी असायची. हात थरथरू नये म्हणून दाजींनी सांगितलेलं. चहा उकळून उतू जाई. कराडला एका लग्नात कुणीतरी फोटो काढायला मोबाइल उचलला, तर ही कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली, मान न वळवता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, आणि लगेच दूध नासावं तसं नासलं, कारण ते माझ्यामुळं नव्हतं.

दर पंधरवड्याला आम्ही गाडीनं पलूसला जायला लागलो. साताऱ्यापासून कराडपर्यंत 'दाजी म्हणतात' आणि कराडपासून पुढं 'दाजी म्हणत हुते', एवढाच काय तो फरक. दाजी म्हणतात, घाई करायची नाही. दाजी म्हणतात, पाटीकडं नाही, पिस्तुलावरच्या खुणेकडं बघायचं. मी गिअर बदलत राही.

मी त्यांच्यात खोट शोधायला लागलो. हे मी लपवत नाही. माणूस एवढा सगळ्या बाजूंनी धड असूच शकत नाही असं माझं मत होतं, आणि अजून आहे. एकदा म्हणालो, या टणटणाटानं म्हैस आटेल. तर म्हशीनं त्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त दूध दिलं, आणि आक्कांनी मला मुद्दाम खरवसासारखं घट्ट दही वाढलं. एकदा म्हणालो, शिसं मातीत मुरून विहिरीत उतरेल. सुभेदारांनी वाळूखाली अंथरलेली ताडपत्री उचलून दाखवली आणि चाळून काढलेल्या शिशाचा डबा माझ्या हातात दिला. एकदा रेघ पाटीच्या फार जवळ आहे म्हणालो, तर त्यांनी सगळ्यांसमोर टेप लावला आणि ती मी म्हणत होतो त्याहूनही लांब निघाली. "मास्तर, शंका काढत जावा," माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "चांगलं असतंय." ती थाप अजून माझ्या पाठीवर आहे. परतताना बायको एवढंच म्हणाली, "तुमचं पोट दुखतंय, दुसरं काय न्हाई."

त्यानंतर मी काहीही बोललो तरी लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. मास्तरांचं सुरू झालं, असं ते हसणं.

दसऱ्याला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पाटावर मांडून पुजायची आमच्याकडची रीत. कोयता, विळे, पान्हे, ट्रॅक्टरची किल्ली, पिस्तूल, छर्ऱ्यांची डबी, रेघेवरचे सगळे गॉगल, असं सुभेदारांनी ओळीनं मांडलं होतं, आणि मधोमध एक लखलखीत तवा. पोळ्यांचा नव्हे. ट्रॅक्टरमागच्या कुळवाला माती फोडायला खोलगट पोलादी चकत्या असतात, त्यांनाही तवेच म्हणतात. हा तवा आमच्या सासऱ्यांच्या कुळवाचा होता. सासरे गेले, कुळव भंगारात गेला, आणि हा एक तवा सासूबाईंनी जुन्या घराच्या न्हाणीमागं ठेवून दिला होता. तो सुभेदारांनी शोधून काढला, घासला, साखळीसाठी कडेला भोकं पाडून घेतली. दगडधोंड्यांत फिरून न वाकलेलं पोलाद, त्याला खड्डा पडायचा नाही, आणि आवाज देवळातल्या घंटेसारखा. दसऱ्याला नवं लक्ष्य म्हणून तो टांगायचा होता.

सासूबाईंनी परातीत काढावं तसं तव्याच्या खोलगट बाजूत कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग एकेका वस्तूला हळद-कुंकवाची बोटं लावत गेल्या. गॉगलनाही लावली, दोन्ही काचांवर, बरोबर मधोमध. तव्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्या सुभेदारांना म्हणाल्या, "लेकागत केलंसा." मी पलीकडे समई नीट करत होतो. मला सासऱ्यांचं मनगटी घड्याळ मिळालेलं आहे. ते बंद आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा उतरवली आणि पंगत बसली. जेवणं झाली की तव्यावर पहिला नेम धाकटीनं मारायचा, असं सासूबाईंनी जाहीर केलं. माहेरवाशीण, सवाष्ण, आणि हात बसलेला. बायको लाजली आणि खूश झाली. आक्का तूप घेऊन आल्या, त्यांनी आधी सुभेदारांच्या पोळीवर धार धरली, नंतर माझ्या. आधी पाहुण्याला वाढायचं असतं. मी एक पोळी कमी खाल्ली आणि पंगतीतून उठलो.

अंगणातल्या नळाखाली खरकट्या भांड्यांचा ढीग पडला होता. हात धुवायला मी नळ सोडला, तो वरच उताणी पडलेली आमटीची मोठी पळी होती. धार तिच्या खोल वाटीत पडली आणि सगळं पाणी उसळून माझ्या नव्या सदऱ्यावर आलं. मी चरफडत पळी काढली. खाली ताट होतं. त्याच धारेचं पाणी ताटावर पडून चहूकडं पसरलं, माझ्या अंगावर थेंब आला नाही. विहिरीमागून लोकांचा आवाज येत होता, नवा तवा कुणीतरी हातानं वाजवून बघत होतं. मी पळी परत नळाखाली धरली. पाणी परत माझ्या अंगावर आलं.

ताटासारखी ती सपाट पाटी. पळीसारखा हा तवा. सपाट पाटीवर फुटलेलं शिसं पाटीच्या अंगानं कडेला उडतं. खोलगट तव्यात ते आतल्या वळणावरून फिरून, समोर जो उभा असेल त्याच्याकडे येणार. मी ओल्या सदऱ्यानं विहिरीला वळसा घालून निघालो. धावलो म्हणायला हरकत नाही.

तवा दोन खांबांच्या मध्ये टांगलेला होता, खोलगट बाजू आमच्याकडे. स्वस्तिक काढलेली बाजू लोकांकडे करायची की मातीकडे? देवाचं तोंड कुणी फिरवतं का? साखळ्या बरोबर होत्या, झुकाव बरोबर होता, वाळू चाळलेली होती. सुभेदारांचं सगळं नेहमीसारखं चोख होतं, तेवढी बाजू सोडून. रेघेपाशी बायको उभी होती. तिनं गॉगल चढवला आणि काढला.

"काय दिसत न्हाई. समदं लाल," ती म्हणाली आणि काच पुसायला पदर उचलला.

"पुसू नगं गं," सासूबाई म्हणाल्या. "सणाचं कुंकू, सवाशीण असून आपल्या हातानं पुसतीस व्हय? एकच बार मारायचा हाय. काढून ठेव ते."

सुभेदार घुटमळले. मी बघत होतो, ते घुटमळले. पण सासूबाईंपुढं, त्यांच्या मालकांच्या तव्यासमोर, सणाच्या दिवशी, कुंकू पूस म्हणायला त्यांची जीभ उचलेना. "एकच," ते म्हणाले. "मग दुसरा गॉगल बघू." बायकोनं गॉगल टेबलावर ठेवला.

"गॉगलशिवाय नको," मी म्हणालो. "आणि तो तवा फिरवा. खोलगट बाजू पुढं नको."

सगळे हसले. "आलं मास्तर शंका घिऊन," आक्का म्हणाल्या.

"नळाखाली पळी धरली की पाणी अंगावर येतं," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. माझा सदरा पोटापर्यंत भिजलेला होता, त्यामुळे हसणं आणखी वाढलं. बायकोनं मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज सणाचं तरी नगं." मग ती तव्याकडे वळली आणि तिनं हात वर केला.

खोट शोधता शोधता मी माझी सगळी पत घालवून बसलो होतो, आणि खरी खोट सापडली ती अशा दिवशी. तिचा हात स्थिर झाला. श्वास सोडताना तिचे खांदे खाली येतात, ते आले.

"थांबा," मी ओरडलो. "तिला एकच डोळा आहे."

आवाज वर्गातला आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बायकोनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, नियमाप्रमाणे, आणि खाली बघत उभी राहिली. सुभेदार माझ्याजवळ आले.

"बोला मास्तर. काय दिसलं?"

मी ताटाचं आणि पळीचं सांगितलं. ते तव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या अंगठ्यानं एका गॉगलच्या काचांवरचं कुंकू पुसून घेतलं आणि तोच अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला. सासूबाईंनी हात जोडले. एवढं सुंदर मला कधी सुचलं नसतं, हे तशा वेळीही माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. त्यांनी दुसरा गॉगल तसाच पुसून मला दिला, बाकी सगळ्यांना घराच्या भिंतीआड पाठवलं, आणि बायको जिथं उभी होती तिथं उसाचं कांडं रोवून त्याला तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर एक पत्रावळ अडकवली. आम्ही दोघं शेजारी जाड प्लायवूडच्या आडोशाला उभे राहिलो. हात आणि डोळ्यांपुरतं डोकं बाहेर काढून ते नेम मारायला लागले.

तवा वाजला. पत्रावळ हलली नाही. परत वाजला. पत्रावळ तशीच. काही झालं नाही तर मला या घरात पुन्हा तोंड उघडता येणार नव्हतं. पत्रावळ फाटावी अशी माझी इच्छा होती, आणि ती पत्रावळ म्हणजे माझ्या बायकोचा चेहरा होता, हेही मला कळत होतं. दोन्ही एकाच वेळी. आणखी एक-दोन छर्रे गेले आणि पत्रावळ थरथरली.

जवळ जाऊन पाहिलं. पानाला चीर गेली होती आणि काडीच्या टाक्यापाशी शिशाची मोहरीएवढी चपटी कपची रुतून बसली होती. सुभेदारांनी ती तळहातावर घेतली.

मग त्यांनी तवा उतरवला, भिंतीआडची माणसं बोलावली आणि सासूबाईंच्या पायांना हात लावून म्हणाले, "आई, ह्यो देवघरात ठिवू. हितं न्हाई. चूक माझी हाय. मास्तर नसतं तर आज..." कपची त्यांनी सगळ्यांना दाखवली.

आता तरी माझे दिवस येतील असं वाटलं होतं. चहा येईपर्यंत सगळी वस्ती सुभेदारांचंच बोलत होती. एवढा मोठा माणूस, पण चूक कशी भर लोकांत कबूल केली. त्याला मन लागतं. ह्येला म्हणत्यात मिल्ट्रीची शिस्त. सासूबाईंनी त्यांच्यावरून बोटं मोडली. मला एकानं विचारलं, "मास्तर, सदरा वाळला का?" चूक करूनही माणूस वर चढतो आणि बरोबर असूनही माणूस होता तिथंच राहतो, हे मी विज्ञानात कुठं वाचलं नव्हतं. निघताना सुभेदारांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि मला मिठी मारली. मिठीसुद्धा खरी होती. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

आम्ही दिवस मावळताना निघालो. रस्त्यावरच्या ट्रकांना, ट्रॅक्टरांना झेंडूच्या माळा होत्या. कराड आलं तरी बायकोनं एकदाही दाजींचं नाव घेतलं नाही. ती समोर बघत बसली होती. गाडीत ती माझ्या डाव्या हाताला बसते, म्हणजे न दिसणारा डोळा माझ्या बाजूला येतो. कराड मागं पडल्यावर ती म्हणाली, "एवढी माणसं हुती. तुमालाच कसं दिसलं?"

अंतर्वक्र आरशाचा धडा माझ्या जिभेवर आला होता. पण मी खरं ते सांगितलं. "मी दर खेपेला त्यांची खोट शोधत असतो. आज सापडली."

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. टोलनाक्यावर गाडी थांबली तेव्हा ती परत बोलली. "एवढ्या वर्सांत तुमी या डोळ्याचं नाव घेतलं न्हाई. आन् घेतलं ते सगळ्या वस्तीपुढं, वरडून."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"वरडलासा ते बरंच केलंसा. न्हाईतर काय झालं असतं, मला कळत न्हाई व्हय? पर दाजी बोललं तेवा मला हसू आलं हुतं. तुमी बोललासा तेवा समदी माझ्याकडं बघाय लागली."

डोळा मी वाचवला होता आणि हसू त्यांच्या नावावर होतं. पुढची गाडी हलली, मागून हॉर्न वाजला. मी गाडी काढली.

साताऱ्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती सीटवर पूर्ण वळली. मला बघायचं तर तिला पूर्णच वळावं लागतं, आणि गाडीत ती तशी कधी वळत नाही.

"पुढल्या खेपेला मी नेम धरला की तुमी माझ्या उजव्या अंगाला हुबं ऱ्हावा," ती म्हणाली. "तिकडनं कोण आलं, कोण रेघेच्या पुढं सरकलं, मला दिसत न्हाई. लय भ्या वाटतं."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं."

मी उभा राहतो म्हणालो. थोडा वेळ गाडी चालवली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "दाजींना सांगितलंयस हे?"

"त्यास्नी कशाला सांगू," ती म्हणाली.

"आक्कांना तरी?"

"न्हाई म्हटलं की."

घराच्या गल्लीत वळताना मी परत एकदा विचारून घेतलं.